करंगळीच्या शेजारची फट

लावणीच्या दिवसांत माझी आई रात्री चुलीपुढं पाय सोडून बसायची. आमचं गाव पाटणच्या पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यात. तिथला आषाढ कसा असतो ते सातारा शहरातल्या माणसालाही सांगून कळत नाही. जिल्हा एकच, पण इथं छत्रीवर भागतं आणि तिथं डोक्यावर इरलं असूनही माणूस कमरेखाली भिजलेलाच असतो. चिखलणी केलेल्या खाचरात दिवसभर वाकून तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावायचा. सकाळी पाय चिखलात गेला की बांधावर बसून भाकरी खाण्यापुरता बाहेर, मग थेट दिवस मावळल्यावर.

घरी आल्यावर सगळ्याच बायका पाय धुवायच्या. आई त्यानंतर एक काम करायची, ते मी त्या आळीत दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. जुन्या लुगड्याचा एक धडपा तिनं फक्त पायांसाठी ठेवला होता. त्याचं टोक ती प्रत्येक दोन बोटांच्या मधे घालून टिपायची. करंगळीपासून सुरुवात, अंगठ्यापाशी शेवट. जोडवी फिरवून त्यांच्याखालचं पाणीसुद्धा. मग पाय चुलीच्या उबेला धरून, बोटं फाकवून गप्प बसायची. मला वाटायचं तिला थंडी वाजतेय. धडपा धुऊन चुलीवरच्या दोरीवर टाकला जायचा आणि सकाळी त्याला धुराचा वास यायचा.

इतकं करूनही तिला चिखल्या व्हायच्याच. कुणालाच सुटका नव्हती. बोटांच्या बेचक्यातली कातडी आधी पांढरी पडून फुगायची, बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. मग तिची सालपटं निघायची, खाली लाल ओलं मांस दिसायचं, भेग पडायची. दिवसा चिखलात ते बधिर राहायचं आणि रात्री अंथरुणात ऊब लागली की खाज आणि आग एकदम सुरू. बायका परसातल्या मेंदीचा पाला वाटून बेचक्यात भरायच्या आणि वर चिंधी बांधायच्या. सकाळी सगळ्यांचे पाय लाल. लावणी संपेपर्यंत गावातल्या निम्म्या बायकांची पावलं नव्या नवरीसारखी रंगलेली असायची. लहानपणी मला ते फार सुंदर वाटायचं. ते औषध आहे हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

ज्यांना चिखल्या जास्त झाल्या त्यांना दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळायची असं नाही. पाऊस थांबत नाही आणि तरवा थांबत नाही. शेजारची एक काकू भेगांवर रॉकेल लावून चिखलात उतरायची. तिच्या तोंडावरची ती कळ मला आजही दिसते.

ही सगळी आठवण मागं पडली होती. मी डी.एड. झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, लग्न होऊन साताऱ्यात आले. फरशीचं घर, गॅसची शेगडी, पायात चप्पल-सँडल. चिखल्या हा गावाकडचा, गरिबीचा, चिखलाचा आजार आहे असं माझ्या मनानं कधीतरी ठरवून टाकलं होतं. गेल्या चार वर्षांत तो माझ्याच घरात दोनदा आला. एकदा माझ्या मुलाच्या पायाला आणि एकदा माझ्या सासऱ्यांच्या.

मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. साताऱ्यात पहाटे पाचला बाहेर पडलात तर अशी पोरं हमखास दिसतात. मैदानावर, अजिंक्यताऱ्याच्या चढावर, यवतेश्वरच्या घाटात. भरतीत पोरांना १६०० मीटर धावायचं असतं आणि काही सेकंदांवरून गुण जातात, म्हणून पावसातही कुणी सराव सोडत नाही. तो एका अकादमीच्या वसतिगृहात राहत होता. बुटांचा एकच जोड. सकाळी धावून भिजलेला बूट खाटेखाली सारायचा, संध्याकाळी तोच ओला बूट पुन्हा चढवायचा. मोजे खिडकीत वाळत घातलेले, पण जुलैत ते वाळणार कधी? बाथरूम वीस जणांत एक, आणि तिथं सगळे अनवाणी.

दिवाळीला घरी आला तेव्हा बूट दाराबाहेर काढून लगेच धुवायला घेऊन गेला. मला वाटलं, पोरगं शहाणं झालं. तो वास लपवत होता. चार दिवसांनी टॉवेल उचलताना मी त्याचे पाय पाहिले. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधे तीच पांढरी, फुगलेली, सोललेली कातडी. मी कितीतरी वर्षांनी चुलीपुढं जाऊन बसले.

त्वचारोगाच्या डॉक्टरांनी त्याला इंग्रजी नाव सांगितलं, अ‍ॅथलीट्स फूट. खेळाडूंचा पाय. आपल्याकडं हे दुखणं चिखलाच्या नावानं ओळखलं जातं. मी घरी येईपर्यंत त्या दोन नावांचाच विचार करत होते. खाचरातली बाई आणि ट्रॅकवरचा पोरगा, दोघांच्या पायांत सारखं काय? तिचा पाय बाहेरच्या पाण्यानं भिजतो, त्याचा आतल्या घामानं. पण बोटांच्या फटीला ते पाणी कुठून आलं याच्याशी देणंघेणं नाही. ती किती वेळ ओली राहिली एवढंच तिला कळतं.

खाचरातल्या चिखल्या आणि बुटातला अ‍ॅथलीट्स फूट हे तंतोतंत एकच नव्हे, हे मी नंतर समजून घेतलं. चिखलात दिवस काढणाऱ्या पायात नुसतं कातडी भिजून सुटणं, त्यात जंतू शिरणं, यीस्ट आणि बुरशी असं सगळं मिसळलेलं असतं. बुटातल्या पायात मुख्य गुन्हेगार म्हणजे त्वचेवर जगणारी बुरशी. ट्रायकोफायटन हे तिचं कूळ. गजकर्ण आणि नायटा करणारी बुरशीही याच कुळातली. ती केराटिन खाते. आपल्या कातडीचा वरचा मेलेला थर, नखं आणि केस ज्याचे बनलेले असतात ते केराटिन. तळपायाला हा थर अंगावर सगळ्यात जाड. म्हणजे तिच्यासाठी भरलेलं कोठार. त्यातून तळपायाला घामाच्या ग्रंथी खच्चून असतात, पण तेलाच्या ग्रंथी अजिबात नसतात. बाकीच्या अंगावर ते नैसर्गिक तेल बुरशीला थोडंफार रोखून धरतं. पावलांच्या वाट्याला तो राखणदार आलेलाच नाही.

आणि करंगळीच्या शेजारचीच फट का? तुम्ही आत्ता बोटं फाकवून पाहा. अंगठा सहज वेगळा होतो, मधली बोटंही थोडी होतात. करंगळी मात्र शेजारणीला चिकटून बसते. तिथं वारा जात नाही, बुटाचा दाब सगळ्यात जास्त तिथंच, आणि टॉवेल पोचत नाही. चिखल्यांची सुरुवात बहुतेक वेळा याच फटीतून होते. आई करंगळीपासून का सुरू करायची याचा उलगडा मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी झाला.

मुलाच्या बाबतीत आमचं आणखी एक चुकलं होतं, आणि ते मला इथं नीट लिहायचं आहे, कारण ही चूक घरोघर होते. डॉक्टरांकडं जाण्याआधी दोन महिने तो औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून लावत होता. मित्रानं सांगितलेली. तीन दिवसांत लाली गेली, खाज थांबली, त्यानं लावणं बंद केलं. आठवड्यात पुन्हा सुरू. पुन्हा ट्यूब. असं करता करता ते पायावरून जांघेत गेलं आणि तिथं चपातीएवढं गोल पसरलं. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत कडक स्टिरॉइड होतं. डॉक्टरांनी समजावलं ते असं. लाली आणि खाज हा आपल्या शरीरानं बुरशीशी मांडलेला झगडा असतो. स्टिरॉइड त्या झगड्याचं तोंड दाबतं. बाहेरून सगळं शांत दिसतं आणि आत बुरशी निवांत वाढत राहते. देशभर गेली काही वर्षं हेच चाललंय, चिवट नायट्याची जणू साथच पसरली आहे, आणि टर्बिनाफिनसारखी एकेकाळी खात्रीनं लागू पडणारी औषधंही अनेकांना पूर्वीसारखी लागू पडत नाहीत. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारनं नियम कडक केले. तरीही माझ्या मुलाला ती ट्यूब चिठ्ठीशिवायच मिळाली.

त्यामुळं ओळखीचा कुणी म्हणाला की ‘एक ट्यूब आहे, तीन दिवसांत गुण येतो’, तर मी आता हात जोडून सांगते, तीन दिवसांचा गुण नको. क्लोट्रिमाझोलसारखं साधं, नुसतं बुरशीवरचं मलम काम करतं, पण त्याला आठवडे द्यावे लागतात. डाग दिसतो तेवढ्यावरच न लावता भोवतीच्या चांगल्या कातडीवरही थोडं लावायचं आणि कातडी स्वच्छ दिसायला लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. बहुतेक जण इथंच सोडतात. खाज थांबली म्हणजे दुखणं गेलं असं आपण धरून चालतो. बुरशी मात्र खाजेनंतरही कितीतरी दिवस कातडीत टिकून असते.

ते पायावरून जांघेत गेलं कसं, हेही डॉक्टरांनी विचारलं. उत्तर टॉवेलमध्ये होतं. त्याच टॉवेलनं पाय, त्याच टॉवेलनं अंग. शिवाय चड्डी चढवताना ती आजारी पावलांवरूनच वर जाते. त्यांनी त्याला सांगितलं, मोजे आधी घालत जा, चड्डी मागून. तो लाजला. मी तेव्हा खोलीत होते म्हणून असेल. पण इतकं साधं वाक्य कुणी त्याला आधी सांगितलं असतं तर त्याचे दोन महिने वाचले असते, म्हणून मी ते इथं न लाजता लिहिते आहे.

तेव्हापासून घरात वजरी हा विषय निघाला. आमच्या न्हाणीच्या कट्ट्यावर एकच वजरी होती, सासूबाईंच्या वेळेपासूनची. ज्याला टाच घासायची तो ती उचलायचा. कातडीचा निघालेला चुरा तिच्या खाचांत बसून राहायचा, आणि अशा चुऱ्यात बुरशीची बीजं कितीतरी महिने जिवंत राहू शकतात. नखं काढायचं नेलकटरही घरात एकच. बाथरूमच्या दारातलं पायपुसणं तर मला सगळ्यात जास्त लागलं. किती सुरेख शब्द आहे आपला, पायपुसणं. पण त्यावर आपण पाय पुसतो कुठं? ओला तळवा एकदा टेकवतो आणि पुढं जातो. बोटांच्या मधलं पाणी तसंच राहतं आणि पायपुसणं मात्र दिवसभर ओलं. पाचजणांचे पाय त्या एकाच ओल्या तुकड्यावर.

आपल्याकडं पाय धुण्याला केवढा मान आहे. पाहुणा आला की पायांवर पाणी. लग्नात वधूपिता जावयाचे पाय धुतो. देवळात शिरण्याआधी पाय धुवायचे, शेतातून आलं की धुवायचे, स्मशानातून आलं की धुवायचे. मी फार आठवून पाहिलं. पाय पुसण्याचा एकही विधी मला सापडला नाही. धुणं आपण पुण्याच्या खात्यात मांडलं आणि पुसणं ज्याचं त्याच्यावर सोडून दिलं.

पुसणारी माणसं मला आयुष्यात दोनच ठाऊक. एक आई. दुसरी एक वारकरी आजी.

तेव्हा मी खंडाळा तालुक्यात नोकरीला होते. माउलींची पालखी नीरा ओलांडून, पादुकांना नीरास्नान घालून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या काळात आसपासच्या शाळांच्या वर्गखोल्या दिंड्यांना उघडून देतात. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि लोणंदला येईपर्यंत पावलांनी बरंच काही सोसलेलं असतं. गावातली तरुण मुलं तेलाच्या बाटल्या घेऊन वारकऱ्यांचे पाय चोळायला बसतात. मीही बसायचे. तेल चोळताना हाताला फोड लागायचे, भेगा लागायच्या, आणि कित्येकांच्या बोटांत चिखल्या.

ही आजी सत्तरीच्या पुढची होती. मी तेलाची बाटली घेऊन गेले तर तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, ‘त्याल नगं बाय. आधी कोरडं करू दे.’ पिशवीतून तिनं धोतराचा एक तुकडा काढला आणि आई करायची अगदी तसंच सुरू केलं. करंगळीपासून. मी विचारलं, आजी, किती वर्षं चालता? तिनं बोटं मोजली आणि सोडून दिली. मग म्हणाली, ‘फोड येतोय त्यो फुटून बरा हुतोय. ह्ये वलं ऱ्हायलं की मातर पंढरी लांब पडती.’ तिच्या बोटांत एकही चिखली नव्हती. दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण होतं. गर्दीत मी तिला पुन्हा शोधलं, सापडली नाही.

तेलाबद्दल तिचं म्हणणं बरोबर होतं. ओल्या फटीत तेल भरलं की ओल आतच कोंडते. टाचांना तेल, आमसुलाचं तेल लावा, भेगांना ते फार चांगलं. बोटांच्या मधे मात्र आधी कोरडं. मेंदीचं विचाराल तर माझं मत असं झालंय. ती कातडी थोडी राठ करते आणि तिच्यात काही गुण असतीलही, पण मेंदी लावलेली बाई रात्रभर पाय पाण्यात घालत नाही, निम्मं औषध तेच. हळदीचंही तसंच. मी आई आणि काकूंच्या कुठल्याच उपायाला नावं ठेवणार नाही. रॉकेलाला मात्र ठेवीन. रॉकेल, बॅटरीचं पाणी, चुना असलं काहीही उघड्या कातडीवर लावू नये. त्यानं बुरशीआधी कातडी मरते.

आता मामांचं. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. ३२ वर्षं पायात काळा बूट आणि नायलॉनचा मोजा. इंजिनाच्या उष्णतेत पाय भाजून निघायचे. निवृत्तीनंतर साखरेचा आजार निघाला. गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री त्यांना हुडहुडी भरून ताप आला. सकाळी उजवा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल, टणक, चकचकीत. हात लावू देईनात. आम्हाला वाटलं, काही चावलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पायाकडं एकदा पाहिलं आणि वर काय झालंय ते सोडून सरळ बोटांकडं गेले. करंगळी आणि शेजारचं बोट हातानं वेगळं केलं. आत एक भेग होती, तांदळाच्या दाण्याएवढी. ‘इथून आत गेलंय,’ ते म्हणाले. सेल्युलायटिस. चिखल्यांनी कातडीला भेग पाडली, त्या भेगेतून जंतू शिरले आणि रात्रीत पायभर चढले. साखर असलेल्या माणसाच्या पायाची जाणीव बरेचदा कमी झालेली असते, म्हणून भेग दुखतही नाही. सहा दिवस शिरेतून औषध द्यावं लागलं. पाय वाचला. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचा अंगठा गेला होता.

त्या सहा दिवसांत मी त्यांच्या पायथ्याशी बसून विचार करत होते. लग्न झाल्यापासून प्रत्येक सणाला मी या पायांना हात लावलाय. वाकून नमस्कार केलाय. पण हे पाय मी कधी पाहिलेच नव्हते. नमस्काराचा हात अंगठ्यावर टेकतो आणि कपाळाला जातो. करंगळीच्या शेजारी काय चाललंय ते नमस्कार करणाऱ्याला कधीच दिसत नाही.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी कोमट पाणी आणि कापड घेऊन बसले तर मामांनी पाय पोटाशी ओढून घेतले. ‘नको गं पोरी,’ म्हणाले. ‘हे काम तुझं नव्हं.’ पाया पडून घ्यायला त्यांना कधी संकोच वाटला नव्हता, पाय पुसून घ्यायला वाटला. त्यांना वाकता येत नाही, पोट आड येतं, आणि नजरही तितकी पोचत नाही. वयस्कर माणसांचे पाय यामुळंच राहून जातात. मी काही बोलले नाही. कापड त्यांच्या हातात दिलं आणि तिथंच बसून राहिले. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा कापड माझ्याकडं परत दिलं.

आमच्या घरात आता बऱ्याच गोष्टी बदलल्या आहेत. जुन्या सुती साडीचे मी हातभर तुकडे करून, कडा टिपून ठेवलेत, प्रत्येकाच्या तुकड्याला वेगळ्या रंगाचा दोरा. हे फक्त पायांना. रोज धुवायचे, आठवड्यातून एकदा चांगल्या कढत पाण्यात टाकायचे, नाहीतर बुरशी पुसायच्या कापडातच राहायला लागते. वजरी ज्याची त्याची. मुलाला बुटांचा दुसरा जोड घेऊन दिला, त्याआधी महिनाभर एक खर्च पुढं ढकलला. बुटाला आतून पूर्ण वाळायला एक अख्खा दिवस तरी लागतो, पावसात जास्तच, म्हणून एक आज तर दुसरा उद्या. ओल्या बुटातला आतला तळ काढून वेगळा वाळवायचा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. तासाभरानं बोळे बदलायचे, पहिले ओले गच्च झालेले असतात. मोजे रोजचे रोज बदलायचे. ऊन नसेल तेव्हा मी मोज्यांवर इस्त्री फिरवते. शेजारीण हसते, हसू दे.

पाय पुसल्यावर लगेच मोजा चढवायचा नाही. दोन मिनिटं वाऱ्याला धरायचे. घाम फार येत असेल त्यानं बुरशीवरची पावडर फटीत अगदी हलकी भुरभुरावी. जास्त टाकली की घामात भिजून तिचा लगदा होतो. करंगळी मुळीच सुटत नसेल तर रात्री मधे सुती कापडाची बारीक घडी. वसतिगृहाच्या, जिमच्या, पोहण्याच्या तलावाच्या ओल्या फरशीवर स्वतःची रबरी चप्पल. आणि जोडवी. आपण बायका ती वर्षानुवर्षं काढत नाही. त्यांच्याखाली साबण आणि पाणी राहतं, तिथली कातडी कायम दबलेली असते. काढायची नसतील तर नका काढू, पण आंघोळीनंतर फिरवून खालून टिपा. माझ्या आईनं हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

शाळेत मात्र माझं मन जास्त अडकतं. शासनाकडून पोरांना बुटाचा एक जोड आणि मोज्यांचे दोन जोड येऊ लागले ही फार चांगली गोष्ट झाली. पण पावसाळ्यात वाडीवरनं दोन-तीन किलोमीटर चालत येणारं पोर शाळेत पोचतं तेव्हा त्या बुटात पाणी पचपचत असतं, आणि मग ते संध्याकाळी पाचपर्यंत त्याच बुटात बसतं. शिस्त म्हणून. मी माझ्या वर्गात ती शिस्त मोडली. जून ते सप्टेंबर, आल्या आल्या बूट-मोजे काढायचे, पाय पुसायचे, मोजे खिडकीच्या गजांवर. पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे काय बाई? मी एका मुलाला पुढं बोलावून त्याचे पाय दाखवले. साहेब काही बोलले नाहीत.

लहान मुलांच्या पायांना खरा अ‍ॅथलीट्स फूट तसा कमी होतो, तो वयात आल्यावर वाढतो. मुलांत दिसतं ते बरेचदा नुसतं भिजून सोललेलं किंवा इसबासारखं काही असतं. म्हणून पालकांना मी सांगते, मोठ्यांची ट्यूब पोराला लावू नका, आधी दाखवून घ्या. मोठ्यांनीही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, नखं पिवळी जाड व्हायला लागली, पू आला, लाली वर चढायला लागली, की थांबू नये. साखर असेल तर एक दिवसही थांबू नये. मामांची ती भेग किती दिवसांची होती ते आम्हाला कधीच कळणार नाही, आणि ते मला लागून राहिलं आहे.

आईचं आता शहात्तरावं चालू आहे. खाचरात ती उतरत नाही, भाऊ आणि वहिनी लावण करतात. मागच्या आषाढात मी गेले तेव्हा तिचा धडपा पाहिला, आता लुगड्याचा नाही, माझ्याच एका जुन्या साडीचा. वहिनी शेतातून आली, पाय धुऊन तशीच आत चालली. आई ओट्यावरून म्हणाली, ‘पुसलंस का मधी?’ वहिनी परत फिरली.

साताऱ्यात आज दुपारपासून झड लागली आहे. मुलगा भरती झाला, प्रशिक्षणाला बाहेर आहे. फोनवर बोलताना मी एक प्रश्न विचारते आणि मी विचारायच्या आधीच तो ‘हो, दोन्ही’ म्हणतो. संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की मामा खुर्ची पुढं सरकवतात. हिरव्या दोऱ्याचं कापड त्यांचं. ते डावा पाय माझ्या मांडीवर ठेवतात, होतील तेवढी बोटं फाकवतात. मी करंगळीपासून सुरू करते, अंगठ्यापाशी येते, दिव्याकडं वळवून एकदा बघते. मग तो पाय खाली घेऊन ते आपणहून उजवा पुढं करतात.